राक्षसाचे डोळे राहिले होते

मागच्या आठवड्यात नातीच्या दप्तरातून ते पुस्तक बाहेर पडलं आणि माझं डोकं फिरलं. तिच्या शाळेत म्हणे ‘दयाळूपणा सप्ताह’ चालू आहे. प्रत्येक मुलाने एक गोष्ट वाचायची आणि वर्गात उभं राहून सांगायची. हिच्या वाट्याला ‘वीतभर राक्षस’ आलं. नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं. सोफ्यावर पाय वर घेऊन ती वाचत बसली आणि मला म्हणाली, “आजी, चित्रं किती भारी आहेत ना! पण डोळे कसले फनी आहेत!” मी तिच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. पोर दचकली. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. या आठवणींत हे प्रकरण घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता घालते. वय झालं की राग निवतो असं मला बरेच जण सांगतात. माझा काही निवलेला नाही.

आम्ही लालबागला चाळीत दोन खोल्यांत राहायचो, पण त्या खोल्या आमच्या कमी आणि खानावळीच्या जास्त होत्या. आई गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची. सगळे आमच्याच मुलखातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले, एकेका खोलीत दहा-बाराजण झोपणारे. गिरणीचा भोंगा झाला की पंधरा मिनिटांत जिना वाजायला लागायचा. आधी पहिल्या पाळीची माणसं, मग दुसऱ्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी पाट मांडलेले, मधल्या बोळातून आई एका हातात भाकऱ्यांची चवड आणि दुसऱ्या हातात बांगड्याच्या तिखल्याचं पातेलं घेऊन फिरायची. सकाळपासून पाट्यावर वाटपाचा खरडखरड आवाज चालू असायचा. ओलं खोबरं, मिरच्या, धणे, वर तिरफळं. त्या वाटपाचा वास माझ्या केसांना, वह्यांना, शाळेच्या गणवेशाला यायचा. बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडायची, आणि डबा उघडला की पहिला हात तिचाच असायचा. जेवणाऱ्यांत भिकाजी नावाचा एक धिप्पाड माणूस होता. गिरणीत गाठोडी उचलायचा. तो दारातून वाकून आत आला की खोलीत अंधार व्हायचा. अकरा भाकऱ्या खाऊन तो आईला म्हणायचा, “वैनी, आता थोडा भात वाढा.” आणि आई त्याला शिव्या घालत वाढायची.

बाबा गिरणीतच होते, पण पावसाळ्यात त्यांचा जीव आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गणपतीच्या कारखान्यात असायचा. पाळी सुटली की घरी न येता ते तिकडे जायचे. माती मळणं, साचे, रंग हे सगळं बाकीच्यांचं काम. बाबा फक्त डोळे काढायचे. त्याला आखणी म्हणतात. मूर्ती पुरी घडली, वाळली, अंगाला रंग लागला, दागिने रंगले, म्हणजे अगदी शेवटी आखणी. आंघोळ करून यायचं, कुणाशी बोलायचं नाही, आणि एकदा बसलं की हातातल्या मूर्ती संपेपर्यंत उठायचं नाही. ज्याने आखणी केली त्याची मूर्ती, असा तिथला कायदा. माती कुणीही मळलेली असो. डोळे न काढलेली मूर्ती कुणी नेत नसे, तिला हातही लावत नसे. गिऱ्हाईक दारात खोळंबलं असलं तरी बाबांनी ब्रश खाली ठेवेपर्यंत ते पाटासकट हातपाय आखडून उभं राहायचं. मी आठव्या वर्षापासून त्यांच्या मागे जाऊन बसत असे. दहाव्या-अकराव्या वर्षी त्यांनी मला उंदरांचे डोळे दिले. उंदीर शंभर असोत, एका बैठकीत.

कुमुदताई मला त्या कारखान्यातच पहिल्यांदा दिसल्या. दादरला राहायच्या, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायच्या, मासिकांतून त्यांचं नाव यायचं. दरवर्षी त्यांचा गणपती आमच्या कारखान्यातून जायचा. मी भिंतीवर कोळशाने भिकाजीला काढलं होतं, अकरा भाकऱ्यांसकट. त्या तिथे थबकल्या. “हे कोणी काढलं? तू? अगं बाळ, मला माझा राक्षस सापडला!” असं म्हणून त्यांनी माझे काळे झालेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले. पांढरी स्वच्छ साडी, तिला डाग लागला तरी त्यांनी पर्वा केली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बाई दुष्ट असत्या तर माझं काम फार सोपं झालं असतं.

गोष्ट त्यांची खरोखर सुंदर होती, हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही. डोंगराएवढा एक राक्षस. त्याला शाप असतो की कुणावर दया केली की तो वीतभर लहान होईल. म्हणून तो दयेला घाबरून असतो, झाकून-दडून राहतो. मग एक पाय मोडलेलं करकोच्याचं पिल्लू त्याच्या दारात येऊन पडतं आणि त्याचा नाइलाज होतो. पुढे नदी, म्हातारी, हरवलेलं वादळ, एकेकावर दया करत राक्षस वीतवीत लहान होत जातो. शेवटी तो इतका लहान होतो की माणसाच्या घरात मावतो, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी पंक्तीला बसून जेवतो. बावीस चित्रं लागणार होती. बावीस वेळा तोच राक्षस, दर वेळी आधीपेक्षा लहान, पण चेहरा तोच राहिला पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलीला याहून मोठी मेजवानी कुठली मिळणार?

मी मॅट्रिक झाले होते आणि घरात माझ्या नावाने खल चालला होता. मला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. आईने माझ्यासाठी औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावण्याचं काम बघून ठेवलं होतं. एका जेवणाऱ्याची बहीण तिथे होती, शब्द टाकायला तयार होती. आईला चित्रांचा राग नव्हता, पण चित्रांनी पोट भरतं यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पुस्तकाचं कळल्यावर ती पाट्यावरून हात न काढता म्हणाली, “पुस्तकार तुझां नाव छापून येऊंदे, मगे बघूया शाळेचा. नाय इला तर गपचूप कंपनीत जावचां.” मी हो म्हटलं. कंपनीतली जागा पुस्तक निघेपर्यंत थांबेल असं तिने त्या बहिणीकडून वदवूनही घेतलं.

आठ महिने मी त्या राक्षसाबरोबर राहिले. दुपारची पंगत उठली, जमीन पुसून झाली की संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत खोली माझी. पाट उलटा करून त्यावर कागद चिकटवायचा आणि बसायचं. नवव्या चित्रावर सोलकढी सांडली, तर मी त्या गुलाबी डागाचीच संध्याकाळ करून टाकली. दर रविवारी सकाळी चित्रं घेऊन दादरला चालत जायचं. कुमुदताई मला मेजाशी आपल्या शेजारी बसवायच्या, पोहे द्यायच्या, वर ओलं खोबरं जरा जास्तच घालायच्या. “बाळ, ये.” “बाळ, खाऊन घे.” “बाळ, हा करकोचा किती जिवंत झालाय गं!” त्यांचा भाचा श्रीरंग चित्रकलेच्या शाळेत तिसऱ्या वर्षाला होता. तो कधीमधी आतून यायचा, चित्रं उलटीसुलटी करून बघायचा, “पर्स्पेक्टिव्ह गंडलंय” म्हणायचा आणि केळं सोलत निघून जायचा.

बाविसावं चित्र पुरं झालं तो शनिवार होता. पुरं म्हणजे डोळे सोडून. एकाही चित्रात मी कुणाचे डोळे काढले नव्हते. राक्षसाचे नाहीत, म्हातारीचे नाहीत, करकोच्याचेसुद्धा नाहीत. रविवारी सकाळी आंघोळ करून, न बोलता, बावीसच्या बावीस चित्रांची आखणी मी एका बैठकीत करणार होते, म्हणजे राक्षस लहान झाला तरी त्याची नजर तीच राहील. आईने त्यासाठी रविवारची पहिली पंगत गॅलरीत बसवायचं कबूल केलं होतं. आणि शनिवारी दुपारी कुमुदताई श्रीरंगला घेऊन टॅक्सीने दारात हजर. जिने चढून त्यांना धाप लागली होती. छपाईचे ब्लॉक करणारा सोमवारी गावी जाणार, त्याला आजच चित्रं बघायची आहेत. मी म्हटलं, “ताई, डोळे राहिलेत.”

“अगं, नुसती दाखवायचीत त्याला. आकार ठरवायचेत. उद्या सकाळी तुझ्या हातात परत, बाळ.”

मी दिली. बाबा कामावर होते, आई बाजारात गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला विचारावंसं वाटलंच नाही. डोळे नसलेलं काम कुणी नेऊन पुढे वापरेल ही शंका माझ्या मनाला शिवली नाही. आमच्या गल्लीत वाढलेल्या कुणाच्याच मनाला ती शिवली नसती. बिनडोळ्यांची मूर्ती पळवून कोण नेणार? माझ्या लेखी ती चित्रं कुलपात होती. आज मी स्वतःला कितीही समजावलं तरी त्या मूर्ख पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

रविवारी चित्रं आली नाहीत. सोमवारी मी दादरला गेले तर कुमुदताई बाहेर गेल्या होत्या. पुढच्या रविवारी भेटल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “काळजी करू नकोस बाळ, वेळ नव्हता म्हणून श्रीरंगने बसून सगळं पुरं करून दिलं. आता एकदम पुस्तकच बघ!” तरीही मी वाट बघितली. चित्रं माझी आहेत, नाव माझंच येणार, एवढं मला कळत होतं.

प्रकाशन दादरच्या एका सभागृहात झालं. आई आली नाही, तिची पंगत होती. मी एकटी तिसऱ्या रांगेत बसले. पुस्तक हातात आलं आणि मी पहिलं पान उघडलं. ‘चित्रे’ या शब्दापुढे श्रीरंगचं नाव. आत राक्षस. त्याला गोल गरगरीत डोळे, वर पापण्या. बावीसही पानांवर सगळीच्या सगळी पात्रं वाचकाकडे बघत होती, केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी. राक्षस पिल्लाला ओंजळीत घेतो त्या चित्रात तो पिल्लाकडे बघतच नाही! ज्याच्यामुळे तो जन्मात पहिल्यांदा लहान होणार आहे, त्याच्याकडे त्याची नजरच नाही! मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात कुमुदताई माइकवर आल्या आणि त्यांनी प्रस्तावना वाचून दाखवली. शेवटचं वाक्य असं होतं : ‘गिरणगावातल्या एका गरीब पण गुणी मुलीने प्राथमिक रेखाटनांना हातभार लावला, तिला शुभाशीर्वाद.’ मग त्यांनी मला वर बोलावलं. “ही ती मुलगी!” टाळ्या. माझ्या हातात नारळ आणि रंगांची पेटी. समोर दीडशे लोक, त्यांत निम्मी मुलं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी दया. आणि मी काय केलं? मी वाकून नमस्कार केला आणि “आभारी आहे” म्हणाले. कुमुदताईंना मी एखाद वेळी माफ करीन, पण त्या दोन शब्दांबद्दल स्वतःला करणार नाही.

घरी आल्यावर आईने हात पदराला पुसले आणि पुस्तक मागितलं. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायची. “खय आसा नाव? माका दाखव.” तिने पहिलं पान बोटाने वाचलं, मग प्रत्येक पान उलटलं. बाबा पाळीवरून आले होते. सगळं ऐकून त्यांनी पुस्तक बंद केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “डोळे तेणां काढले मां? मगे मूर्ती तेची.” मला वाटलं, जमीन फाटावी. आखणीचा जो कायदा मी आठव्या वर्षापासून पाळत आले, तोच माझ्या गळ्याशी आला होता. बाबांना वाईट वाटत होतं, त्यांचा चेहरा मला दिसत होता. पण कायदा त्यांच्या बापापासून चालत आलेला, ते तरी काय बोलणार?

“गप ऱवा तुमी!” आई कडाडली. “बावीस चित्रां ह्या चेडवान काढल्यान. माझ्या घरात, माझ्या पाटार. ह्यो भिकाजी तेणां कधी बघलोहा?” भिकाजी कोपऱ्यात जेवत होता. त्याने पुस्तकातला राक्षस बघितला, मग स्वतःच्या हातातली भाकरी बघितली, आणि म्हणाला, “वैनी, ह्यो मीच. पण माझे डोळे असे नाय.”

दुसऱ्या दिवशी आईने पंगत शेजारणीवर सोपवली. तिच्या खानावळीच्या सगळ्या वर्षांत ही गोष्ट मी एकदाच बघितली. नऊवारी बदलली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि मला पुढे घालून दादरला निघाली. कुमुदताईंनी आनंदाने दार उघडलं, “या, या” केलं, चहा टाकायला सांगितला. आई खुर्चीच्या टोकावर बसली. चहाला तिने हात लावला नाही. पंगतीतलं तिचं बोलणं तिने बाहेरच ठेवलं होतं. सांभाळून, एकेक शब्द मोजून ती म्हणाली, “बाई, पोरीचं नाव पुस्तकात नाही.”

“अहो, असं कसं? आहे की! प्रस्तावनेत मी आवर्जून उल्लेख केलाय. चित्रं शेवटी श्रीरंगने पुरी केली, म्हणून तिथे त्याचं नाव. पण हिला मी विसरले नाही.”

“वाचून दाखवा.”

त्यांनी वाचून दाखवलं. चांगल्या आवाजात, जरा गहिवरून.

“एका मुलीने,” आई म्हणाली. “एका म्हणजे कुठल्या?”

“अहो, हिनेच! तुमच्या मुलीने.”

“मग सांगा, माझ्या मुलीचं नाव काय?”

कुमुदताई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचं तोंड उघडलं होतं आणि त्यातून ‘बाळ’ बाहेर येता येता राहिलं, हे मला स्पष्ट दिसलं. आठ महिने मी त्यांच्या मेजावर पोहे खाल्ले होते. माझी आवड, माझ्या करकोच्याची मान, मला जास्त खोबरं लागतं, सगळं त्यांना पाठ होतं. “शोभा,” त्या शेवटी म्हणाल्या. “शोभा ना गं तू?” शोभा कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या नात्यात, चाळीत कुणी शोभा नव्हती. त्यांनी माझं नाव मुद्दाम गाळलं असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते, आणि ते भांडण एव्हाना मिटलंही असतं. त्यांना गाळायला माझं नाव माहीतच नव्हतं. दयेवर त्यांनी बावीस चित्रांचं पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या दयेला एवढंही विचारायचं सुचलं नाही. आजही ते पुस्तक शाळेत वाटतात. वाटोत.

आई उठली. भांडली नाही, काही मागितलं नाही. पुस्तक पिशवीत परत घातलं आणि “निघतो” म्हणून बाहेर पडली. कुमुदताई जिन्यापर्यंत आल्या, “अहो, पुढच्या आवृत्तीत नक्की” असं काहीतरी म्हणत होत्या. आई खाली उतरून परळच्या दिशेने ताडताड चालायला लागली. मी मागे रडत होते. मला लेबलांचा गोंद दिसायला लागला होता. अट ती अट, नाव आलं नव्हतं.

एका कोपऱ्यावर ती अचानक थांबली. “तुझ्या त्या शाळेचो फॉर्म खय मिळता?”

“पण आये, तुझी अट...”

“घाल ती चुलीत. दुसऱ्याच्या पुस्तकार नाव येवची वाट बघूक लावलंय, ती माझीच चूक. फॉर्मार नाव आपलां आपणच लिवतत मां?”

आम्ही तिथूनच थेट त्या शाळेत गेलो आणि फॉर्म घेतला. तिथल्या बाकावर बसून मी लिहायला घेतलं. आई माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर लावत होती. सुमन जगन्नाथ मेस्त्री. टाक इतका दाबून धरला होता की ‘मेस्त्री’वर कागद फाटला, आणि आईला खिडकीशी जाऊन दुसरा फॉर्म आणावा लागला.